गोणपाटाखालची मोटार
तार जळाल्याचा वास आला की मला राहुरीतलं एकाहत्तर-बाहत्तरचं आमचं घर आठवतं. घरात वीज यायची होती, त्याआधीच शेजारच्या दारात राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी सामाईक आडासाठी मोटार आणून ठेवली होती. मी मात्र पोहऱ्यानं पाणी शेंदत होते. वायरमन लोड, म्हणजे कुणाला किती वीज लागेल ते, लिहायला आला. "मोटार असंल तर आत्ताच सांगा. सुरू व्हताना ती लई वढती, तार जाड लागंल." मंजुरी लांबेल म्हणून जाऊबाईंनी मोटारीवर गोणपाट टाकलं होतं. "दोन दिवे लिवा, बास," त्या म्हणाल्या. त्यांची मोटार आल्यापासून माझ्या पोटात दुखत होतंच. तो माझ्याकडं वळला तशी मी ठसक्यात म्हटलं, "आमची मोटार हाय, लिवा!" मोटार कुठली, घरात पंखासुद्धा नव्हता. माझ्या भिंतीवर जाड तार आली. महिन्याभरात मोटारीच्या ओढीनं जाऊबाईंची बारीक तार जळाली, आणि सासऱ्यांनी त्यांची मोटार माझ्या तारेला जोडायला लावली. मग रोज सकाळी त्या माझ्या चुलीशेजारी येऊन बटण दाबायच्या आणि पाणी धो धो त्यांच्या हौदात पडायचं. आता माझी स्वतःची मोटार आहे, जाऊबाई नाहीत. तरी बटण दाबलं की कान आधी त्यांच्या हौदाकडंच जातात.