आतून घासलेलं कडं

परब फोटो काढताना श्वास धरायचे, आणि खोलीत जो कोणी असेल त्यालाही धरायला लावायचे. पंखा बंद, खिडकी बंद, मे महिन्याच्या घामात आम्ही पुतळे. "हललंस तर फोटो हलतलो गो," असं वर ऐकवायचे.

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते, मी ड्रॉइंगच्या टेबलावर. बारीक वस्तू मोठी टिपणारी मॅक्रो लेन्स त्यांची स्वतःची, बोटीवरच्या भावाने आणलेली. तिची एक्स्टेन्शन ट्यूब मात्र लेथवरच्या जाधवांनी करून दिली होती. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणारं पितळेचं पोकळ कडं, दोन्ही तोंडांना आटे. ते लावलं की लेन्स वस्तूच्या अगदी जवळ नेता यायची. मग परब फोकसची रिंग फिरवत नसत; फळीवरचा अख्खा कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवत.

गिरण्यांच्या संपाला चार-पाच वर्षं झाली होती. कामावरून काढलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नव्हतं. अशात एका सकाळी जाधवांना पत्रा दाबायची प्रेस जुळवायला बोलावलं, आवळता आवळता बोल्ट तुटला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मॅनेजर म्हणाला, यानेच वाजवीपेक्षा जास्त आवळला. आठवड्याने चौकशी होती. जाधवांची नोकरी जाणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

परबांनी तो बोल्ट भिंगाखाली पाहिला होता. "चीर जुनी असा. अर्धो आधीच तुटलेलो." पण बोल्ट मॅनेजरच्या कपाटात. चौकशीच्या आदल्या दिवशी, महत्प्रयासाने, तो जेवणाच्या सुट्टीपुरता मिळाला. रोलमध्ये तीनच फोटो शिल्लक होते.

कडं लावल्यावर लेन्स इतकी पुढे गेली की तिचीच सावली बोल्टवर पडली. "जवळ जावचा, पण अंगावर जावचा नाय," परब पुटपुटले. हे ते माणसांबद्दलही म्हणत. त्यांनी लेन्स मागे घेतली आणि चित्र लहान होऊ नये म्हणून मधे टेलिकन्व्हर्टर, म्हणजे चित्र वाढवणारं जोडभिंग, चढवला. सावली गेली, पण उजेडही घटला. शटर चार सेकंद उघडं ठेवायला हवं होतं, आणि प्रेस सुरू झाल्या की आमची जमीन थरथरायची. जे काय करायचं ते भोंग्याच्या आत.

त्यांनी डोळा लावला आणि एक कचकचीत शिवी हासडली. बरोबर चिरेवरच पांढरं धुकं दिसत होतं. मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. परबांनी कडं काढून उजेडात धरलं. जाधवांनी ते हौसेने आतूनही आरशासारखं घासलं होतं, आणि सगळा उजेड त्या चकाकीवरून उसळत होता. तेच ते धुकं.

"फोटोपेपरच्या पाकिटातलो काळो कागद काप. लवकर!"

पहिली पट्टी तोकडी पडली. मी पुन्हा माप घेतलं. दुसरी आत नीट बसली. तीन मिनिटं.

"श्वास धर गो बाय."

एक फोटो झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या मधेच भोंगा वाजला आणि टेबल थरथरलं. परबांनी कडं सोडवून हातात घेतलं. म्हणाले, "जाधवाक ह्या सांगू नको हां. मायेन घासल्यान."

चौकशीत दोन फोटो ठेवले गेले. बोल्टच्या तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा, अर्धा ताजा, चकचकीत. चौकशी घेणाऱ्या साहेबांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. मॅनेजर दोनदा पाणी प्यायला. जाधवांची नोकरी राहिली.

पुढे कितीतरी वर्षांनी परब गेले. मी आणि जाधव नाहूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी कॅमेऱ्याची पेटी आमच्यापुढे ठेवली. जाधवांनी तीन बोटांनी कडं उचललं, आत पाहिलं.

"हा कागद कशाला गं?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, कडं हातात फिरवत.

"रोज शेजारी बसून डबा खाल्ला यार त्याने," ते म्हणाले. "एका शब्दाने बोलला नाही."

कागदाचं एक टोक सुटलं होतं. जाधवांनी ते अंगठ्याने हलकेच आत बसवायला घेतलं. तेवढा वेळ त्यांनी श्वास धरला होता. आणि मीही.