मुलीची मुलाखत आणि समोरच्या घरचं पिठलं

आम्ही नोकरीनिमित्त अमेरिकेत होतो तेव्हाचा मुलीचा जन्म. त्यामुळे पदवीला ती तिकडे गेली आणि मेडिकललाही तिकडेच अर्ज केले. नऊ अर्जांपैकी मुलाखतीला बोलावलं एकाच कॉलेजने, ऑस्टिओपॅथिक. तिथले डॉक्टर औषधं, शस्त्रक्रिया सगळं शिकतातच, शिवाय हातांनी सांधे-स्नायू चाचपून उपचार करायलाही शिकतात. तिला हेच हवं होतं. मुलाखत ऑनलाइन, आणि ती सुट्टीला इकडे, आमच्या सीवूड्सच्या घरी आलेली. ही संधी गेली की वर्ष फुकट.

मी तयारीत कसर ठेवली नाही. आमचा हॉल अकरा बाय चौदा. कॅमेऱ्यात पसारा दिसे, म्हणून दुपारीच सोफा आणि खुर्च्या बाहेर पॅसेजमध्ये काढल्या. भिंतीवर पांढरी चादर लावली. बेल वाजू नये म्हणून तिची वायर काढली, दार नुसतं लोटून ठेवलं. टीव्ही बंद, कुकर बंद. माझ्या आईला आत पडून राहायला सांगितलं.

संध्याकाळी मुलाखत सुरू झाली. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभा. मध्येच दार ढकलून समोरच्या वहिनी आल्या. मूळच्या साताऱ्याच्या. हातात झाकलेलं पातेलं, डोळे भरलेले. सामान बाहेर, पांढरी चादर, घर चिडीचूप. त्या काय समजायचं ते समजल्या होत्या. मी पोचेपर्यंत त्यांनी मुलीला कवटाळलं होतं.

"रडून घे बाई. आजीचं सोनं झालं. पिठलं-भात आणलाय, आज चूल पेटवू नगा."

तेवढ्यात आई बाहेर आली. "कुणाचं सोनं झालं गं?"

"अगं बया! आजी, तुमी हायसा व्हय!"

"आहे तर! पिठल्यात लसूण घातलास ना?"

संपलं सगळं, असं मला वाटलं. पडद्यावरच्या प्राध्यापकबाईंनी काय झालं ते विचारलं. मुलीने जसंच्या तसं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "त्यांनी मिठी मारली तेव्हा तुला काय जाणवलं?"

मुलगी वहिनींकडे वळली. "डावा हात घट्ट होता, उजवा वर येतच नव्हता. काकू, उजवा हात वर करा बघू."

हात खांद्याच्या खालीच अडला. "दिवाळीपास्नं असंच हाय. येनी घालायला सुनंला बोलवावं लागतं."

प्राध्यापकबाई पुढे सरसावून बसल्या. कधी दुखतं, कुठे अडतं, आधी काय तपासशील? प्रश्नांवर प्रश्न. माहीत नव्हतं तिथे मुलीने सरळ 'माहीत नाही' म्हटलं. ठरलेली वेळ उलटून गेली तरी त्यांचं बोलणं चालूच.

पुढच्या महिन्यात होकाराची मेल आली. पेढे घेऊन समोर गेलो, तर वहिनी कमरेवर डावा हात ठेवून दारात उभ्या.

"ॲडमिशन माझ्या खांद्यानं मिळवली. आन् आता डॉक्टर होऊन येईस्तवर मी चार वर्सं असंच ऱ्हाऊ व्हय गं?"