दोन कढयांतलं तेल

रुग्णालयाच्या उपाहारगृहात तळणावर असलेल्या बाईला सगळे तळणमावशी म्हणत. देवाने हाताला चव दिली होती. घरी ती चव घ्यायला मात्र कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला, लेक लग्न होऊन दूर गेली, आणि एकटीसाठी कुकर लावायचाही मावशीला कंटाळा येऊ लागला.

अशात तेलाची परीक्षा आली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीने दोन कढयांत तेल मोजून ओतलं. एकात साधं, दुसऱ्यात ओटच्या दाण्यांतून काढलेलं स्टेरॉल मिसळलेलं. आपल्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा हा झाडांतला चुलतभाऊ, असं तिनं समजावलं. सगळीच स्टेरॉलं कामाची नसतात, पण हे तापलेल्या तेलाला लवकर दाट, चिकट होऊ देत नाही म्हणे. रोज त्याच तेलात बटाट्याच्या चकत्या तळायच्या आणि फेस धरला की परीक्षा संपली. वरून थेंबभरही तेल घालायचं नाही, हे तिनं दोनदा बजावलं.

दुपारी ती नमुना न्यायला येई. तो निवेपर्यंत मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करी, हक्कानं चार चकत्या तोंडात टाकी. साध्या तेलाला सहाव्या दिवशीच फेस आला. दुसरं नवव्या दिवशी दाटायला लागलं. दहाव्या दिवसापासून रोज सकाळी दोन डाव जुनं तेल काढून ती तेवढंच नवं ओतू लागली.

आठवडा उलटला. मुलगी खुशीत म्हणाली, "मावशी, हे तेल म्हातारं व्हायलाच तयार नाही! आता हे छापून येणार बघा."

त्या संध्याकाळी देवापुढे बसूनही मावशीचे हात जुळेनात. दुसऱ्या दिवशी मुलगी आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "ते तेल खोटं आहे गं. मी रोज नवं घालत होते."

"का पण?"

"संपलं असतं, तर तू कशाला आली असतीस?"

मुलगी रागावली नाही. तिनं वहीतले तेवढे दिवस खोडून टाकले. कढई घासून नव्यानं सुरुवात झाली. या खेपेला मावशीनं डाव आत बुडवला तो फक्त नमुन्यासाठी.

बाराव्या दिवशी सकाळी कढईच्या कडेनं बारीक फेस उठला. मुलगी यायला अजून चार तास होते. मावशीनं हात पुसले आणि प्रयोगशाळेत स्वतःच फोन लावला.