फितीखालून

डोळे तपासायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. व्यसनमुक्तीच्या नव्या वॉर्डाच्या उघड्या दाराला लाल फीत बांधलेली होती आणि बाहेर फरशीवर एक हमाल थरथरत पडला होता. पाठदुखीसाठी सुरू केलेल्या गोळ्या सुटेनात, म्हणून बायकोनं त्याला इथं आणलं होतं. आत नव्या खाटा दिसत होत्या, प्लास्टिकही न काढलेल्या. भिंतीवर सोनेरी अक्षरं : ‘राज्य शासनाच्या निधीतून’.

“सिस्टर, यांना आत घ्या ना.”

“उद्घाटन व्हायचंय, ताई. मंत्रीसाहेबांची तारीख मिळाली की लगेच.”

पाण्याचा नळ मात्र आतच होता. “पाणी घ्या, पण फीत तुटू देऊ नका,” सिस्टरनं बजावलं. बाई वाकून आत गेली, बाटली भरून तशीच वाकून बाहेर आली.

त्या तकतकीत फितीची मला किळस आली. निधी लोकांचा, खाटा लोकांच्या, आणि लोक फरशीवर! माणूस तडफडला तरी चालेल, साहेबांच्या कात्रीला काहीतरी कापायला उरलं पाहिजे.

तेवढ्यात हमालाला उलटी झाली. बाई त्याचं डोकं धरून बसली, म्हणून बाटली घेऊन मीच नळाकडे धावलो. दाराशी पोचलो, आणि फितीला धक्का न लावता, अगदी जपून, खाली वाकलो.