टर्पेंटाइननं न गेलेला डाग

माझ्या धाकट्या भावाला सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं तर मुद्दाम शिट्टी वाजवत ओढायचा. छापील फ्लेक्स आले तेव्हा बाकीचे पेंटर दुसऱ्या कामाला लागले. याच्याकडे मात्र काही हट्टी दुकानदार येतच राहिले. माणूस एक नंबरचा आळशी, बोलायला तिरकस, पण अक्षर बघत राहावं असं.

मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे दुसऱ्याची कामं आपणच उरकून टाकायची खोड. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो आणि त्याचा सगळा कारभार माझ्याकडे आला, असं मी धरूनच चालले. आयतं मिळालेल्या कशालाच तो नाही म्हणत नाही.

छत्तिशीत त्याची बोटं सुजली. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, पण म्हातारपणाचा नव्हे. रोगाशी लढायची शरीराची ताकदच उलटून स्वतःच्या सांध्यांवर धावून जाते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? गोळी सुरू झाली. मग शेजारच्या शिंप्यानं सांगितलं की असल्या गोळ्यांनी लिव्हर सडतं. झालं! पठ्ठ्यानं मला न विचारता गोळी बंद केली. चार महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

मग दुसरी गोळी आली, जास्त जोराची. तो खाली रक्त द्यायला गेला होता आणि मी डॉक्टरांसमोर बसले होते.

"या गोळीनं उरलेली बोटं वाचतील," डॉक्टर म्हणाले. "पण ती शरीराचा पहारा ढिला करते. वर्षानुवर्षं घेतली तर काही कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, कातडीचा जास्त. घाबरू नका, बहुतेकांना काही होत नाही. फक्त उन्हात डोकं आणि कान झाकायचे, आणि वर्षातून एकदा कातडी तपासून घ्यायची. त्यांनाही सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

तो दंडावर कापूस दाबत वर आला. "काय म्हणाले?"

"दर महिन्याला रक्त तपासायचं. बस."

कॅन्सर हा शब्द ऐकला असता तर त्यानं त्या गोळ्याही फेकल्या असत्या, याची मला खात्री होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं. गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी आधीच काढून घ्यायचे. रक्ताची तारीख अकरा वर्षांत एकदाही चुकू दिली नाही; रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोरही मी एकटीच जायचे, तो बाहेर बसायचा. पण कातडी दाखवायला न्यायचं तर कारण सांगावं लागे. पहिल्या वर्षी पाठीवरच्या पुरळाचं निमित्त काढलं. दुसऱ्या वर्षी निमित्त सुचलं नाही. तिसऱ्या वर्षी मी विसरले, आणि खरं सांगते, विसरल्याचं मला बरंच वाटलं. टोपी आणून दिली तर म्हणाला, "टोपी घातली की मला पाटी तिरकी दिसते." मी फार रेटलं नाही.

गोळी मात्र लागू पडली. तो पुन्हा शिडीवर चढला, भर दुपारी उन्हात उभं राहून तीन तीन पाट्या उरकू लागला. शिट्टीही परत आली. मी खिडकीतून बघायचे आणि स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

ब्रश उजव्या कानावर खोचायची त्याला सवय. त्यामुळे कानाच्या वरच्या कडेला कायम कसला तरी रंग. मागच्या वर्षी तिथे एक तांबूस ठिपका बसला तो हलेना.

"आंघोळ करतोस की अंगाला नुसतं पाणी दाखवतोस?" मी ओरडले.

"लाल प्रायमर आहे, ताई. तुझ्यासारखाच हट्टी."

मी टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं आणि कान घासला. रक्त आलं. "आता सोलूनच काढ मला," तो हसत म्हणाला. खपली धरली, पडली, पुन्हा धरली. मी पुन्हा घासलं. असे आठ महिने गेले. सगळं माहीत असलेली मी, आणि मीच घासत होते. मला माझाच राग येतो, आणि तो कुणावर काढायचीही सोय नाही.

कानाखाली मानेत गाठ आली तेव्हा गेलो. तुकडा काढून तपासला. कातडीचाच कॅन्सर, गाठीपर्यंत पोचलेला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई कागद चाळत त्याला म्हणाल्या, "ही गोळी अकरा वर्षं चालू आहे. कातडीची शेवटची तपासणी कधी झाली?"

"कसली तपासणी?" त्यानं विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर त्यानं चपला काढल्या आणि तसाच जमिनीवर बसला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो. तू गोळी सोडशील म्हणून..."

"तेव्हा सोडली असतीही, ताई. अक्कल नव्हती मला. पण मग बोटं सुधारली, परत काम करायला लागलो. त्यानंतरच्या दहा वर्षांत तरी सांगायचंस. मी कशाला सोडली असती?"

पहिल्या वर्षी मी त्याच्यासाठी गप्प बसले होते; पुढची वर्षं, आधी का सांगितलं नाहीस असं त्यानं विचारू नये म्हणून.

ऑपरेशन झालं. अर्धा कान गेला, मानेवर कॉलरच्या आत जाणारा व्रण राहिला. गाठी सगळ्या निघाल्या की नाही ते पुढच्या तपासण्यांत कळेल म्हणतात. पंधरा दिवसांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळी चालू ठेवायची, बदलायची की बंद करून बोटांवर पाणी सोडायचं, ते त्या दिवशी ठरायचं होतं. नंबर पुकारला. मी सवयीनं फाईल काखेत मारून उठले आणि दार ढकललं.

त्यानं माझ्या काखेतून फाईल घेतली. ओढली नाही, रागावला नाही, दुखऱ्या बोटांनी हळूच काढून घेतली.

"ताई, तू बाहेर बस," तो म्हणाला. "मी बोलून येतो."

दार लागलं. मी बाकावर बसले. तो बाहेर आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, हे मी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.