वाट बघणारा रोबो

मी सतरा वर्षांची होते आणि रोबो रंगवत होते. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही, पण गोडादऱ्याची आमची अख्खी गल्ली हसायची. माझ्या वयाच्या मुली दुपारभर साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. मीही चिकटवायचे, पण ते काम हातावेगळं झालं की जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रोबो घेऊन बसायचे. आई म्हणायची, "सासरले बी रोबोच लई जाशी का?"

रोबो म्हणजे चौटा बाजारात मिळायचे ते, चंदेरी प्लास्टिकचे, सेलवर चालणारे. गल्लीतली पोरं दोन दिवसांत त्यांची वाट लावायची. कुणाचं डोकं निघालेलं, कुणाचा पाय. मी ते मोडके गोळा करायचे, एकाचं धड दुसऱ्याच्या पायांवर बसवायचे, सांधे तापल्या सुईने जुळवायचे आणि मग रंगवायचे. चंदेरी मात्र एकालाही ठेवायचे नाही. यंत्र आहे म्हणून त्याने काय जन्मभर पातेल्यासारखं दिसायचं? हिरव्या अंगाला जांभळी छाती, कडेने पिवळी रेघ, असं साडीसारखं मॅचिंग लावायचे.

रंग आप्पा आणायचे. माझे वडील पलसाण्याच्या एका मिलमध्ये टेबलावर कापड छापायचे. डब्याच्या तळाशी उरलेला रंग ते फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरून आणत. मला न हसणारा घरात तो एकच माणूस होता. जेवण झालं की माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि रोबो हातात घेऊन सगळीकडून बघायचे.

पण कापडाचा रंग प्लास्टिकवर टिकतो कुठे? सुकला की पोपडे निघायचे. आप्पा म्हणाले, "तपाडाबिगर रंग बठत नई." मिलमध्ये छापलेलं कापड गरम मशीनमधून काढतात, तेव्हा कुठे रंग पक्का होतो. आम्ही दोघंही कापडातली माणसं, त्यामुळे जे कापडाला तेच रोबोला, याबद्दल आम्हाला जराही शंका आली नाही. स्टोव्हवर तवा उपडा टाकला आणि माझा सगळ्यात देखणा, निळा-लाल रोबो त्यावर उभा केला. रंग बसला, चांगला पक्का बसला. पण त्याबरोबर उजवा हात मऊ पडून ओघळायला लागला. आप्पांनी घाईघाईने चिमट्याने तोच हात पकडून रोबो उचलला. हात कोपरात दुमडला, पंजा कपाळाला टेकला आणि तसाच थिजला.

मला रडूच फुटलं. आप्पांनी त्याला निरखून बघितलं आणि म्हणाले, "रडू नको. दख, उनमा कपायवर हात धरीसन तो वाट दखी राहिना."

"कोणाची?"

"मन्हीच."

खरंच, तो तसाच दिसत होता. मी तो खिडकीत गल्लीकडे तोंड करून उभा केला. पाळी सुटून आप्पा कोपऱ्यावर वळले की आधी खिडकीकडे बघून आपलाही हात कपाळाला लावायचे. मग घरात यायचे. हे फक्त आम्हा दोघांचं होतं.

एका सकाळी त्यांनी तो पिशवीत घातला. प्लास्टिकवर रंग कसा बसला ते मिलमधल्या रंगाच्या मास्तरला दाखवायचं म्हणाले. "संध्याकायले लई येसू." संध्याकाळी रिकामे आले. म्हणाले, रिक्षात पडला असेल. मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन रिक्षाच्या थांब्यावर गेले. एकेका रिक्षावाल्याला विचारलं, सीटखाली वाकून स्वतः हात घालून बघितलं. माझ्यासाठी ते इतकं करताहेत म्हणून माझा जीव भरून आला होता. त्यानंतर काही दिवसांनी आप्पांना टेबलावरून काढून रंगखात्यात घेतलं. आम्ही गल्लीत पेढे वाटले आणि मी मोठ्या हौसेने वाटले.

दसऱ्याला मिलमध्ये मशिनींची पूजा असते. कामगारांची घरची माणसंही जातात, फाफडा-जिलेबी असते. शेठच्या केबिनमध्ये आम्ही नमस्काराला गेलो. टेबलावर, देवाच्या फोटोशेजारी, माझा रोबो उभा होता. कपाळावर हात होता आणि हाताच्या वर कुंकू लावलेलं होतं.

शेठ हसून मला म्हणाले, "जो, मने सलाम करे छे! तारा बापे मारे माटे बनाव्यो." म्हणजे आप्पांनी तो शेठसाठी बनवला होता, आणि तो शेठना सलाम ठोकत होता. मग आप्पांकडे वळून म्हणाले, धाकट्या मुलासाठीही असाच एक हवा.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी शेठपुढे मान लववली. मग म्हणाले, "हो जायेगा, शेठ."

माझा रंग त्यांनी स्वतःचा म्हणून सांगितला, हे मी गिळलं असतं. वडील आहेत, पोटासाठी सांगितलं असेल. पण त्याचा हात? तो हात कोणाची वाट बघतोय हे मला त्यांनीच सांगितलं होतं. आणि ज्या दिवशी रिक्षांच्या सीटखाली त्यांनी हात घालून शोधलं, त्या दिवशी रोबो या टेबलावर होता. मला जिलेबी गोड लागेना.

दोन दिवसांनी त्यांनी नवा कोरा रोबो माझ्यापुढे ठेवला, शेजारी रंगाच्या डब्या ठेवल्या. खाली बघत म्हणाले, "याना बी हात तसाच कर."

मी म्हटलं, "तुम्हीच बनवता ना? बनवा."

मला वाटलं, आता तरी काही बोलतील. चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी मी ब्रश उचलला असता. त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला, तवा उपडा टाकला, हात मऊ पडेपर्यंत नीट वाट बघितली. या खेपेला घाई नव्हती. चिमट्याने कोपर वळवलं, पंजा ताठ केला, कपाळाशी नेऊन धरला आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

या रोबोकडे बघून कोणालाही वाट बघणारा माणूस आठवला नसता. हा सलामच होता, आणि आप्पांना तो पहिल्या खेपेलाच जमला.