घट भिंतीकडे झुकला

अंगात येणं, नजर लागणं, असलं माझ्या माहेरी कुणी मानत नव्हतं. मीही मानत नाही. देवीचं सगळं करते, पण ती माझ्याशी बोलते असं मी कधी म्हटलेलं नाही. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड उघडत नाही... म्हणून लिहून ठेवतेय. घरात कुणाला दाखवलेलं नाही.

देवासला कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत आमचं घर आहे. गच्चीवरून देवीची टेकडी दिसते. ह्यांनी बिल्डरकडून नवंकोरं घेतलं. पहिल्याच नवरात्रात मी हॉलमध्ये घट बसवला. पाटावर पत्रावळ, तिच्यात माती, मातीत गहू, मधे कलश. खिडकी डाव्या हाताला. आणि धान उगवलं ते सगळं उजवीकडे, कोऱ्या भिंतीकडे वाकून!

"बसवताना काही चुकलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

मलाही तसंच वाटलं. बसवलेला घट हलवत नाहीत, म्हणून तसाच ठेवला. पुढच्या वर्षी जागाच बदलली. धान पुन्हा त्याच भिंतीकडे. मुलगी हसून म्हणाली, "मम्मी, झाडं लाइटकडे जातात. आपलं धान तर उलटं निघालं!"

मग फरशी खचायला लागली. बाथरूमच्या बाजूला टाइल्स तडकल्या. बिल्डर म्हणे, "भिया, पानी आपके बाथरूम का है. इसमें मेरी क्या गलती?"

हे वकिलाकडे गेले. वकिलांनी सांगितलं, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, कायदाच आहे. पण दोष त्याचा आहे हे दिसायला हवं. आमची पाच वर्षं संपत आली होती. ह्यांनी सरकारकडे तक्रार केली आणि पाहणीला तिथले इंजिनियर साहेब आले, सोबत बिल्डरही... नेमके नवरात्रात.

साहेबांनी बाथरूम पाहिलं, नळ पाहिले. "लीकेज इधर ही लगता है," म्हणाले. ह्यांचा चेहरा पडला. तसं लिहून गेलं असतं तर खचलेलं घर आमच्याच गळ्यात.

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. घटाकडे नजर गेली. धान भिंतीकडे इतकं वाकलेलं की आता आडवं होईल. आणि मला माझाच आवाज ऐकू आला — "साहब, उधर खोदो."

हे माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही घरातला फ्रिज बोलला.

"अरे वा, भाभीजी भी इंजीनियर निकलीं!" बिल्डर हसला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "ती कधी बोलत नाही. आज बोलली आहे तर खोदा."

साहेबांना त्यांचं मराठी किती कळलं कोण जाणे, पण ते हसले आणि भिंतीलगतच्या दोन टाइल्स काढायला सांगितल्या. मजुराने लोखंडी सब्बल मारली, ती सरळ आत गेली. त्याने खडा टाकला. थोड्या वेळाने खालून 'डुबुक'.

जुनी विहीर! अर्धवट बुजवून, वर फरश्या टाकून, तिच्यावर आमचा हॉल. तिचंच पाणी फरशीखालून बाथरूमपर्यंत पसरलेलं. बिल्डरला एकाएकी फार तहान लागली. मीच पाणी दिलं.

विहीर नीट भरून, हॉल नव्याने बांधून द्यायचा आदेश झाला, आणि बिल्डरने तो बांधून दिला. जाताना साहेबांनी विचारलं होतं, "आपको कैसे पता चला?" मी म्हटलं, "ऐसे ही." दुसरं काय सांगणार?

मुलगी म्हणते मुळं पाण्याकडे जातात. जात असतील. पण पाटावरच्या पत्रावळीतल्या धानाला फरशीखालचं पाणी कसं कळावं? आणि वाकायची ती मुळं नव्हेत, वरचे कोंब. ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

यंदा धान शहाण्यासारखं खिडकीकडे वाढलं. फक्त एक झुबका मागच्या भिंतीकडे वळलेला. त्या भिंतीपलीकडे शर्मा भाभी राहतात. घर त्याच बिल्डरचं.

दसऱ्याला ह्यांनी धान टोपीत खोवलं. तो झुबका मी माझ्या अंबाड्यात खोवला आणि एकटीच बाहेर पडले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. पण बेल दाबली.